पावणेदोन लाख किलोमीटर आणि चार मिलिमीटर

वीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यात सरासरी १ लाख ७६ हजार किलोमीटर लांबीच्या तारा असतात. आकडा पुन्हा एकदा वाचा, किलोमीटरच आहेत. भारतीय रेल्वेच्या साऱ्या मार्गांची लांबी साधारण ६९ हजार किलोमीटर भरते. हे अख्खं जाळं उचकटून एका सरळ रेषेत मांडलं आणि असं अडीच वेळा केलं, की या एका डोक्याची बरोबरी होते. विषुववृत्ताला या तारेचे चार वेढे बसतील आणि वर साडेपंधरा हजारांहून जास्त किलोमीटर उरतील. तीच तार चंद्राच्या दिशेनं सोडली तर जवळजवळ अर्ध्या वाटेपर्यंत पुरेल.

हे सगळं राहतं किती जागेत? मेंदूचं वजन तेराशे-चौदाशे ग्रॅम. त्यातला तारांचा भाग, ज्याला डॉक्टर व्हाइट मॅटर म्हणतात, तो साधारण अर्धा लिटर. सकाळी दाराशी येणारी दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी डोळ्यांपुढे आणा, एवढीच जागा. रंगही जवळपास तोच. दुधाच्या पांढरेपणात स्निग्धांशाचा मोठा वाटा असतो आणि इथेही तसंच आहे. बहुतेक तारांभोवती मायलिन नावाच्या चरबीयुक्त पदार्थाचे थरांवर थर गुंडाळलेले असतात, म्हणून हा भाग पांढरा दिसतो. या तारा म्हणजे चेतापेशींचे लांब शेपटासारखे धागे. मेंदूत अशा पेशी सुमारे ८६ अब्ज आहेत.

ही लांबी कुणी तार ओढून मोजलेली नाही. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००३ साली ती शितावरून भाताची परीक्षा करून काढली. त्यांच्याकडे मृत्यूनंतर मिळालेले ३६ डॅनिश माणसांचे मेंदू होते, १८ बायकांचे आणि १८ पुरुषांचे, १८ ते ९३ या वयांतले. पांढऱ्या भागाचे बारीक नमुने कुठूनही, कसेही फिरवून घ्यायचे, म्हणजे कोणत्याच दिशेला झुकतं माप मिळणार नाही. मग त्यांचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तारांची कापलेली तोंडं मोजायची. शेवयांच्या गठ्ठ्यात सुरी फिरवली आणि कापावर दिसणारी टोकं मोजली, की गठ्ठ्यात एकूण किती शेवई आहे याचा हिशेब लागतो. गणित शाळेतल्या मुलाला कळेल इतकं सोपं आहे. अवघड आहे ते दिशेच्या बाबतीतलं काटेकोरपण आणि मोजत बसण्याची चिकाटी.

याच मोजणीतून दुसरा आकडा निघाला आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त हलवून गेला. पुरुषांमध्ये विसाव्या वर्षी १ लाख ७६ हजार किलोमीटर असलेली तार ऐंशीव्या वर्षी ९७ हजार २०० किलोमीटर उरते. स्त्रियांमध्ये १ लाख ४९ हजारांवरून ८२ हजारांवर येते. दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घट. पुरुषांमधली घट साठ वर्षांच्या दिवसांनी भागली, तर रोजचे साडेतीन किलोमीटर येतात. सकाळी फिरायला जाणारा माणूस पाऊण तासात जेवढं चालतो, सरासरीनं जवळपास तेवढी तार रोज आतून कमी होते. अर्थात ही वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूंवरून काढलेली सरासरी आहे, एकाच माणसाचा साठ वर्षांचा पाठपुरावा नव्हे. आणि जातात त्या प्रामुख्यानं बारीक तारा, जाड बऱ्याच अंशी टिकून राहतात. तरीही ऐंशी वर्षांच्या आजी पृथ्वीला दोन वेढे बसतील एवढी तार घेऊन नातवाचं नाव, नणंदेच्या लग्नाची तिथी आणि पुरणाचं प्रमाण सांगतात, तेव्हा उरलेल्या तारेचं मोल कळतं.

तार किती जाड? मेंदूतल्या बहुतेक तारा एका मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा तीन-चार हजार तारा सहज मावतील. एवढ्या बारीक तारेतून निरोप वेगानं जावा म्हणून मायलिनचं वेष्टन लागतं. वेष्टन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला मीटरभर सरकतो, म्हणजे आपल्या सावकाश चालण्याच्या वेगानं. वेष्टन असलेल्या जाड तंतूतून तो सेकंदाला १२० मीटरपर्यंत धावतो, ताशी चारशे किलोमीटरहून जास्त. निसर्गानं वेगाचा दुसरा उपायही करून पाहिला आहे, तो म्हणजे तारच जाड करायची. स्क्विड या समुद्री प्राण्याच्या प्रसिद्ध महातंतूची जाडी अर्धा मिलिमीटर असते, आणि त्यातून संदेश सेकंदाला साधारण २५ मीटर जातो. बेडकाचा मायलिन असलेला, फक्त १२ मायक्रॉन जाडीचा तंतू तोच वेग देतो. जाडीत चाळीस पटींचा फरक आणि त्यानं व्यापलेल्या जागेत सतराशे पटींचा. मायलिन नसतं आणि आपल्या मेंदूला स्क्विडसारख्या तारा वापराव्या लागल्या असत्या, तर ते डोकं कुठल्याच खांद्यांना पेललं नसतं.

आता या तारा कुठून कुठे जातात हा प्रश्न. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा कॉर्पस कलोझम नावाचा एक पट्टा आहे. मध्यावर कापला तर त्याचं क्षेत्रफळ सहा-सात चौरस सेंटिमीटर, टपालाच्या तिकिटाएवढं. त्यातून सुमारे २० कोटी तारा पलीकडे जातात. म्हणजे एका चौरस मिलिमीटरमध्ये, पेन्सिलच्या टोकाखाली झाकल्या जाणाऱ्या ठिपक्यात, तीन लाख. एखाद्या शहरातल्या सगळ्या माणसांचे फोन एकाच वेळी त्या ठिपक्यातून चालू आहेत असं समजा. या तीन लाखाचा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

तारांचा माग काढायची एक भरवशाची पद्धत बर्फानं दिली. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे जोसेफ क्लिंगलर नावाचा शरीररचनेचा अभ्यासक होता. १९३० च्या दशकात त्यानं फॉर्मॅलिनमध्ये मुरवलेले मेंदू गोठवायला सुरुवात केली. पाणी गोठताना फुगतं, हे काचेची बाटली फ्रीझरमध्ये विसरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तारांच्या मधल्या फटींत बर्फाचे बारीक स्फटिक तयार होतात आणि तारांचे जुडगे एकमेकांपासून सुटे करतात. मेंदू पुन्हा वितळला, की लाकडी सळईनं एकेक जुडगा केळीच्या सोपटासारखा सोलत नेता येतो. धारदार हत्यार चालत नाही, ते तार कापतं. बोथट लाकूड मात्र तारेच्या वळणानं आपोआप सरकतं. एक मेंदू नीट सोलायला कित्येक आठवडे लागतात. क्लिंगलर आणि त्याचा सहकारी ऑयगेन लुडविग यांनी या सोललेल्या मेंदूंचा नकाशासंग्रह १९५६ साली प्रसिद्ध केला. आजही जगभरचे तरुण सर्जन हीच रीत वापरून शिकतात.

पण सोलता येतो तो मेलेल्या माणसाचा मेंदू. ज्याच्या डोक्यात गाठ आहे आणि उद्या सकाळी ज्याची शस्त्रक्रिया आहे, त्याच्या तारा कशा बघायच्या? याचं उत्तर पाण्यातून आलं. मेंदूतला पाण्याचा प्रत्येक रेणू सतत भरकटत असतो. मोकळ्या पाण्यात तो कुठेही जाईल. पण तारांच्या जुडग्यात त्याला तारेच्या लांबीच्या दिशेनं जाणं सोपं पडतं आणि आडवं जाणं कठीण, उसाच्या फडात सरींमधून चालणाऱ्या माणसासारखं. एमआरआय यंत्र चुंबकीय क्षेत्राचे झटके देऊन, सुमारे पन्नास हजारांश सेकंदात हे रेणू कोणत्या दिशेला किती सरकले ते टिपतं. या वेळात रेणू आठ-दहा मायक्रॉन सरकतो. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथे पीटर बॅसर, जेम्स मॅटिएलो आणि डेनी ले बिहान यांनी १९९४ साली या हालचालीचं गणित मांडलं. किमान सहा दिशांनी मोजलं, तर प्रतिमेच्या प्रत्येक ठिपक्यातली मुख्य दिशा काढता येते हे त्यातून दिसलं. ठिपक्याला ठिपका जोडत गेलं की रेघ तयार होते, आणि रेघांचे झुपके म्हणजे मेंदूच्या तारांचा नकाशा. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये सुसुमु मोरी आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत अशा रेघा काढून दाखवल्या.

इथे मोजमापांचा खरा ताण सुरू होतो. रुग्णालयातल्या एमआरआयचा एक ठिपका म्हणजे दोन मिलिमीटर बाजूचा घन. त्यात पाण्याचे रेणू किती? दोनावर वीस शून्यं. ते सगळे आपापल्या वाटेनं आठ-दहा मायक्रॉन धडपडतात आणि यंत्राला त्यांची मिळून एक सरासरी ऐकू येते. मघाचा तीन लाखांचा आकडा आठवा. कॉर्पस कलोझममध्ये या घनाच्या एका बाजूतून, म्हणजे चार चौरस मिलिमीटरमधून, बारा लाख तारा जातात. त्या बारा लाखांची बातमी यंत्र देतं ती दिशेगणिक एकेक आकड्यानं, म्हणजे एकूण तीस-साठ आकड्यांत. तिथे सगळ्या तारा एकाच दिशेनं जातात म्हणून काम तरी भागतं. पण मेंदूत असे सरळ रस्ते थोडे. २०१३ साली केलेल्या मोजणीनुसार पांढऱ्या भागातल्या ६३ ते ९० टक्के ठिपक्यांत निरनिराळ्या दिशांनी जाणाऱ्या तारा एकमेकींना छेदतात. दोन रस्ते छेदतात तिथे सरासरी दिशा काढली, तर ती कर्णाच्या दिशेला दाखवते, जिथे मुळात रस्ताच नसतो.

या ठिपक्यात खरोखर किती तपशील दडलेला असतो याची कल्पना हार्वर्डच्या प्रयोगशाळेनं दिली. तिथल्या संशोधकांनी गूगलच्या मदतीनं माणसाच्या मेंदूच्या बाह्यावरणाचा एक घन मिलिमीटर तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं संपूर्ण टिपला आणि २०२४ मध्ये सायन्स या नियतकालिकात तो मांडला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत एका ४५ वर्षांच्या बाईंच्या मेंदूतून काढावा लागलेला तो कण होता. त्यात सुमारे ५७ हजार पेशी आणि १५ कोटी जोडण्या सापडल्या. नोंद साठवायला १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख गिगाबाइट जागा लागली. एमआरआयच्या एका ठिपक्यात असे आठ तुकडे बसतात. एक कोटी बारा लाख गिगाबाइटचा ऐवज, आणि आपल्या हातात त्यातले साठेक आकडे. अख्ख्या मेंदूचा असा नकाशा करायचा, तर सुमारे तेरा लाख तुकडे लागतील, आणि ते साठवायला किती जागा लागेल हे लिहिताना माझी शून्यं दोनदा चुकली. जवळजवळ दोन लाख कोटी गिगाबाइट.

म्हणून नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर झळकणारी रंगीत रेघांची चित्रं बघताना एक गोष्ट मनात ठेवायला हवी. त्यातली एक रेघ म्हणजे एक तार नव्हे. ती संगणकानं काढलेला अंदाज आहे, इथून तिथवर पाण्याला जाणं सोपं होतं एवढंच सांगणारा. २०१५ मध्ये या क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःचीच परीक्षा घेतली. तारांचे २५ जुडगे आधीच ठाऊक असलेला एक कृत्रिम मेंदू संगणकावर तयार केला आणि जगभरच्या वीस गटांना त्याचे नकाशे काढायला दिले. ९६ नकाशे आले. बहुतेक नकाशांत खऱ्या जुडग्यांपैकी नव्वद टक्के थोडेफार का होईना उतरले होते. पण त्याच नकाशांत मुळात नसलेले जुडगे खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. हा निकाल त्यांनी २०१७ साली उघडपणे छापला. आपल्या अवजाराची खोट मोजून जगापुढे ठेवणाऱ्या या लोकांबद्दल मला फार आदर वाटतो.

मग उपाय काय? एक म्हणजे जास्त दिशांनी मोजणं. अमेरिकेत २०१० मध्ये सुरू झालेल्या ह्यूमन कनेक्टोम प्रकल्पानं १२०० निरोगी तरुणांचं उद्दिष्ट ठेवलं, ठिपका सव्वा मिलिमीटरवर आणला आणि सहाच्या जागी २७० दिशांनी मोजणी केली. दुसरा उपाय जुना आहे, लाकडी सळईचा. पिट्सबर्ग विद्यापीठात हुआन कार्लोस फर्नांडेझ-मिरांडा या स्पॅनिश न्यूरोसर्जननं, मानसशास्त्रज्ञ वॉल्टर श्नायडर आणि फँग-चेंग ये यांच्यासह, २०१२ साली २५७ दिशांनी मोजून काढलेले नकाशे प्रसिद्ध केले, आणि ते क्लिंगलरच्या पद्धतीनं सोललेल्या मेंदूंशी ताडून पाहिले. रेघ म्हणते तिथे लाकूड जातं का? गेलं तर रेघ खरी. पुढे २०१८ मध्ये याच वर्तुळातून ८४२ माणसांच्या सरासरीचा नकाशासंग्रह आला. त्यातल्या साडेपाच लाख रेघांचे झुपके शरीररचना जाणणाऱ्या माणसांनी तपासून त्यांना नावं दिली. संगणकाला रेघा काढता येतात, पण ही रेघ कोणाची हे सांगायला मेंदू हातात धरलेला माणूस लागतो.

फर्नांडेझ-मिरांडांच्या हातात दुसरंही एक अवजार असतं आणि त्याचा या नकाशांशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. ते अवजार म्हणजे नाकातून मेंदूच्या तळाशी जाणारी दुर्बीण. ही त्यांची मुख्य शस्त्रक्रिया. मला मात्र ही दोन्ही कामं एकाच प्रश्नातून निघालेली दिसतात: एकही तार न कापता पोचायचं कसं? गाठ पांढऱ्या भागाच्या पोटात असेल, तर तारांमधून वाट काढण्यावाचून गत्यंतर नाही आणि म्हणून नकाशा लागतो. पण गाठ मेंदूच्या खाली, कवटीच्या तळाशी असेल, तर वरून का यायचं? वरून येताना मेंदू बाजूला सारावा लागतो. खालून, नाकातून गेलं, तर गाठ आधी लागते आणि मेंदू तिच्या पलीकडे राहतो. पावणेदोन लाख किलोमीटरच्या जंगलाला वळसा घालणारी ही एक बोळवजा वाट आहे, सात-आठ सेंटिमीटर लांबीची.

या वाटेच्या टोकाला हाडाच्या छोट्या खोलगट जागेत पिट्युटरी ग्रंथी बसलेली असते. वजन अर्धा ग्रॅम, आकार हरभऱ्याच्या दाण्याएवढा. तिच्यावर साधारण सेंटिमीटरभर उंचीवर दृष्टीच्या दोन नसांची फुली असते. दृष्टीची नस नावाला नस आहे. बांधणीनं ती मेंदूच्या पांढऱ्या भागाचाच बाहेर आलेला फाटा आहे, आणि तशीच ती एकदा तुटली की पुन्हा जुळत नाही. प्रत्येक नसेत दहा-बारा लाख तारा. दोन्ही मिळून वीस-चोवीस लाख तारा या फुलीपाशी येतात आणि निम्म्याहून किंचित जास्त तारा बाजू बदलून पलीकडे जातात. बाजू बदलतात त्या नाकाकडच्या अर्ध्या पडद्यावरून आलेल्या, म्हणजे बाहेरच्या कडेचं दृश्य आणणाऱ्या. पिट्युटरीची गाठ वाढून खालून दाबायला लागली, की आधी याच तारा चेपतात. समोरचं दिसत राहतं, दोन्ही कडांचं दिसेनासं होतं. टांग्याच्या घोड्याला झापडं लावावीत तसं. हे इतकं हळू होतं की दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागेपर्यंत माणसाला काही कळत नाही.

नाकाची ही वाट शंभर वर्षांहून जुनी आहे. १६ मार्च १९०७ रोजी ऑस्ट्रियात इन्सब्रुक इथे हेर्मान श्लोफरनं नाक एका बाजूला उलटून पिट्युटरीची गाठ काढली. व्हिएन्नात ऑस्कर हिर्शनं १९१० मध्ये नाकपुडीतूनच वाट काढली. अमेरिकेत हार्वी कुशिंगनं १९१० ते १९२५ या काळात वरच्या ओठाखालून अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचं प्रमाण होतं फक्त ५.६ टक्के. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचायला तेव्हा अजून दीड-दोन दशकं होती, हे लक्षात घेतलं की या आकड्यापुढे हात जोडावेसे वाटतात. तरीही कुशिंगनं ही वाट सोडून दिली आणि कवटी उघडून वरून जाणं पसंत केलं. त्या अरुंद बोगद्याच्या तळाशी पुरेसं दिसायचं नाही, ही मोठी अडचण होती. गुरूनं सोडली म्हणून बहुतेक साऱ्यांनी ती सोडली. एडिंबराच्या नॉर्मन डॉटनं मात्र, जो तरुणपणी कुशिंगकडे शिकला होता, ती चालू ठेवली. १९५६ मध्ये पॅरिसचा जेरार गियो डॉटकडे येऊन ती शिकला, आणि त्याच्याकडून माँट्रियालच्या ज्यूल हार्डीनं ती घेतली व शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक तिला जोडला. तीस वर्षं ही वाट मोजक्या माणसांच्या हट्टावर टिकून राहिली.

प्रकाशाचा प्रश्न सुटला तो हॅरॉल्ड हॉपकिन्स या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञामुळे. त्यानं दुर्बिणीच्या नळीतली हवेची जागा काचेच्या दांड्यांनी भरली आणि चित्र कित्येक पटींनी उजळलं. याच हॉपकिन्सनं पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी या तरुण संशोधकासोबत १९५४ साली काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र नेऊन दाखवलं होतं. आज शस्त्रक्रियेच्या दुर्बिणीला प्रकाश पुरवणारी वायर म्हणजेही काचेच्या हजारो तंतूंचा जुडगा. तारांच्या जंगलाला वळसा घालायची वाट अशी तारांनीच उजळली.

ती दुर्बीण चार मिलिमीटर जाडीची असते, साध्या पेन्सिलीहून बारीक. लांबी अठरा सेंटिमीटर. पिट्सबर्गमध्ये हे-डाँग जो आणि रिकार्डो काराऊ यांनी १९९७ मध्ये फक्त दुर्बिणीनं केलेल्या ५० रुग्णांचा अनुभव मांडला. पुढे अमीन कासम आणि कार्ल स्नायडरमन यांनी तिथेच ही वाट पिट्युटरीच्या पुढे, मागे आणि बाजूंना रुंदावली. नाक-कान-घसा तज्ज्ञ आणि न्यूरोसर्जन शेजारी उभे राहतात, आणि दोघांचे चार हात दोन नाकपुड्यांतून चालतात. डोळे मात्र पडद्यावर.

त्या पडद्यावर मिलिमीटर म्हणजे मैदान असतं. पिट्युटरीच्या दोन्ही अंगांनी मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड धमन्या वर चढतात. दोघींमधलं अंतर साधारण एक ते दोन सेंटिमीटर, पण ते चार मिलिमीटर असल्याचीही नोंद आहे. त्यांच्यावरचं हाड बहुतेकांत अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, म्हणजे अंड्याच्या टरफलाएवढं, आणि काही जणांत ते जागोजागी नसतंच. आत दर मिनिटाला पाव लिटर रक्त वाहत असतं. अशा ठिकाणी हिऱ्याचं टोक असलेल्या ड्रिलनं हाड खरवडायचं असतं. पिट्सबर्गच्या चमूनं २०१५ रुग्णांचा हिशेब २०१३ मध्ये मांडला, त्यात कॅरोटिडला इजा झालेले रुग्ण सात, म्हणजे ०.३ टक्के. हे शक्य झालं ते फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथे अल्बर्ट ऱ्होटननं कित्येक दशकं केलेल्या कामामुळे. मृतदेहांच्या धमन्यांत लाल आणि शिरांत निळा रंग भरून त्यानं या भागाचा मिलिमीटर न् मिलिमीटर मोजून ठेवला. फर्नांडेझ-मिरांडा शिकले ते त्याच्याकडेच.

आत जाण्याइतकीच अवघड बाब म्हणजे बाहेर येताना दार लावणं. मेंदूभोवतीचं पाणी एकूण दीडशे मिलिलिटर, पण दिवसाला पाचशे मिलिलिटर नवं तयार होतं, म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीनदा बदलतं. तळाला भोक राहिलं तर ते नाकातून गळत राहतं आणि त्याच वाटेनं जंतू वर चढतात. अर्जेंटिनातल्या रोसारिओ इथे गुस्तावो हदाद आणि लुइस बासागास्तेगी यांनी यावर सुरेख युक्ती काढली आणि ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर सोडवायचं, पण त्याची रक्तवाहिनी तोडायची नाही, आणि ते जिवंत ठिगळ भोकावर पसरायचं. शरीराबाहेरून किंवा दुसरीकडून कापून आणलेलं ठिगळ लावलं तर १५.६ टक्के रुग्णांत गळती राहायची, रक्तपुरवठा असलेल्या ठिगळानं ती ६.७ टक्क्यांवर आली. ६०९ रुग्णांचा हा हिशेब २०१२ साली मांडला गेला. या वाटेची किंमत नाकाला मोजावी लागते, काही काळ वास कमी येतो, खपल्या धरतात. वास घेणाऱ्या पेशी मरतात तशा नव्या उगवत राहतात, ही या भागाला मिळालेली सवलत. दृष्टीच्या तारांना ती नाही.

आणि नेमक्या याच जागी नकाशे डळमळतात. हाड, हवेच्या पोकळ्या आणि मेंदू यांच्या सीमेवर चुंबकीय क्षेत्र वेडंवाकडं होतं आणि एमआरआयची प्रतिमा खेचल्यासारखी विकृत दिसते. कवटीचा तळ म्हणजे अशीच सीमा. गाठीनं दाबून कागदासारखी पातळ केलेली नस तिथे नकाशात शोधणं फार कठीण जातं. मोठ्या गाठीवर ती नस डावीकडे पसरली आहे की उजवीकडे, वर आहे की मागे, हे शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी कळावं म्हणून संशोधक आज झटताहेत. विकृती उलट गणितानं सरळ करणं, ठिपका आणखी लहान करणं, आणि काढलेली प्रत्येक रेघ सोललेल्या मृतदेहाशी ताडणं. काम संथ आहे.

गाठ निघाली की वरची फुली हळूहळू खाली टेकते. दाबलेल्या पण न तुटलेल्या तारांमध्ये काही वेळा काही तासांत पुन्हा संदेश वाहू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर खाटेशेजारी बसतात, रुग्णाला एक डोळा झाकून आपल्या नाकाकडे बघायला सांगतात आणि हात लांब करून कडेला एक बोट हलवतात. परवा हे बोट चेहऱ्यासमोर आणेपर्यंत दिसत नव्हतं. आज ते कानाच्या रेषेत आहे आणि नाकात बोळे असलेला माणूस म्हणतो, "हलतंय."